सूर्याचे बारा, घड्याळाचे बारा

आधी माझी चूक. डिसेंबरच्या अंकात मी लिहून गेलो की दुपारी बाराला काठीची सावली सगळ्यात आखूड असते. कोल्हापूरकडच्या एका शिक्षिकेनं ते वाचून सातवीच्या मुलांना मैदानावर उभं केलं. जानेवारीचा पहिला आठवडा, एक मीटरची काठी, ओळंब्यात रोवलेली. साडेअकरापासून सव्वावाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी खुणा. त्यांचं पत्र आलं आहे:

"बाराला सावली आखूड नव्हतीच. ती कमी होत होत 12.35 ते 12.40 या दरम्यान 82 सेंटिमीटरवर टेकली आणि मग पुन्हा वाढू लागली. मुलं म्हणतात मासिक चुकलं. मी म्हटलं काठी वाकडी असेल. कोण खरं?"

मुलं. बाई, त्यांना माझ्याकडून पेढे द्या, हिशोब पाठवा.

मी चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढली. साखळी, प्लेन टेबल, उन्हात उभं राहून दोन भावांच्या बांधावरची भांडणं, हेच केलं. त्यामुळे चूक कुठं झाली ते पत्र वाचताक्षणी कळलं आणि लाजही वाटली. आपलं घड्याळ कोल्हापूरच्या सूर्यावर चालत नाही. ते साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतं, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या जवळच्या सूर्यावर. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. कोल्हापूर सव्वाचौऱ्याहत्तर अंशांवर, म्हणजे सव्वाआठ अंश पश्चिमेला. सव्वाआठ चोक तेहतीस. मिर्झापूरला सूर्य माथ्यावर आला की कोल्हापूरला यायला तेहतीस मिनिटं लागणारच. नागपूरला हाच फरक साडेतेरा मिनिटांचा आहे. सगळ्या देशाला एक घड्याळ असावं म्हणून 1906 पासून हे मान्य केलं गेलं. मुंबईनं मात्र आपली 'मुंबई टाइम' 1955 पर्यंत चालवली, ती या वेळेपेक्षा 39 मिनिटं मागं असायची. आमचे एक आतेआजोबा म्हणायचे, "वेळ विचारली की आधी 'कुठली?' असं विचारावं लागायचं."

पण मुलांच्या मोजमापात तेहतीसच्याही वर पाच-सहा मिनिटं आहेत. ती का, ते पुढच्या पत्रात येतंय, कारण पलूस तालुक्यातल्या एका गवळीदादांनी नेमकं तेच पकडलंय, तेही काठीशिवाय.

"मी दूध संकलन केंद्र चालवतो. पहाटे साडेपाचपासून बाहेर असतो. लहानपणापासून ऐकतोय की संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो, आणि शाळेत शिकवलं की 22 डिसेंबर सगळ्यात लहान दिवस. मग 22 डिसेंबरनंतर सकाळी लवकर उजाडायला पाहिजे. माझ्या अनुभवात जानेवारीच्या मध्यापर्यंत उजाडायला उलट उशीरच होत जातो. कॅन मोजायला दिवा लावावा लागतो. माझे डोळे गेले की पुस्तक चुकलं?"

दादा, डोळे शाबूत आहेत. पुस्तकही बरोबर आहे. दिवसाची लांबी आणि सूर्योदयाची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकाच पिशवीत भरतो.

आपल्या भागातला आकडा सांगतो. 21 डिसेंबरला दिवस साधारण 11 तास 2 मिनिटांचा. 14 जानेवारीला 11 तास 8 मिनिटांचा. चोवीस दिवसांत वाढ फक्त सहा मिनिटांची! वाटणी सारखी असती तर तीन मिनिटं सकाळी मिळाली असती, तीन संध्याकाळी. पण याच चोवीस दिवसांत खरी मध्यान्ह, म्हणजे सावली सगळ्यात आखूड असण्याची वेळ, घड्याळात अकरा मिनिटं पुढं सरकते. आता बेरीज-वजाबाकी करा. सकाळी अकरातून तीन गेले, सूर्योदय आठ मिनिटं उशिरा. संध्याकाळी अकरात तीन मिळवले, सूर्यास्त चौदा मिनिटं उशिरा. तुमची तक्रार सकाळची आहे. संध्याकाळच्या धारा काढणाऱ्याला विचारलंत तर तो म्हणेल, "उजेड वाढलाय की, नोव्हेंबरच्या शेवटापासूनच." आपल्याकडे सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, आणि सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला. सगळ्यात लहान दिवस या दोघांच्या मध्ये.

मध्यान्ह का सरकते, हा खरा प्रश्न. पृथ्वी स्वतःभोवती पुरती एक फेरी 23 तास 56 मिनिटं 4 सेकंदांत मारते. पण तेवढ्या वेळात ती सूर्याभोवतीही जवळजवळ एक अंश पुढं गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा माथ्यावर आणायला तिला आणखी थोडं वळावं लागतं. त्या 'थोडं'ला सरासरी चार मिनिटं लागतात. चोवीस तास हा असा सरासरीचा आकडा आहे, आणि सरासरीनं कुणाचंच शेत मोजलं जात नाही. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. (होय, थंडीत जवळ. जुलैत ती 15 कोटी 21 लाखांवर असते. ऋतू अंतरानं होत नाहीत, आस कललेली आहे म्हणून होतात.) जवळ असताना ती जोरात धावते, सेकंदाला तीस किलोमीटरहून थोडी जास्त, म्हणून तेव्हा जास्त वळावं लागतं.

दुसरं कारण कललेल्या आसाचं. बांधाला समांतर चाललात तर तुमचं प्रत्येक पाऊल लांबीत मोजलं जातं. तिरकं चाललात तर काही पावलं रुंदीत जातात, लांबीत कमी भरतात. सूर्य डिसेंबरात आणि जूनमध्ये आकाशाच्या विषुववृत्ताला (आपल्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात धरलेली रेघ) समांतर चालतो, सगळी चाल पूर्वेकडं मोजली जाते. मार्च-सप्टेंबरात तो तिरका जातो, काही चाल उत्तर-दक्षिणेत खर्च होते. डिसेंबरच्या शेवटी दोन्ही कारणं एकाच बाजूला ओढतात आणि एका मध्यान्हीपासून दुसरीपर्यंत चोवीस तास तीस सेकंद लागतात. रोज अर्धा मिनिट. कोल्हापूरच्या मुलांची वरची पाच-सहा मिनिटं हीच.

आता संक्रांतीची गोष्ट. उत्तरायण लागतं ते 21-22 डिसेंबरलाच. संक्रांत म्हणजे सूर्यानं मकर राशीत जाणं, आणि आपली पंचांगं रास ताऱ्यांवरून धरतात, निरयन पद्धतीनं. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एका डुलण्याला सुमारे 25,800 वर्षं. त्यामुळे ताऱ्यांचं गणित ऋतूंच्या गणितापासून बहात्तर वर्षांत एक दिवस सुटत जातं. साधारण सतराशे वर्षांपूर्वी मकर संक्रांत आणि उत्तरायण एका दिवशी येत होते. 'तिळातिळानं' ही म्हण तेव्हाची धरली तर अगदी चोख आहे.

जाता जाता: पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असं आपण सर्रास म्हणतो, कारण तारीख 14 जानेवारी. पण ती 1761 ची 14 जानेवारी. मागं मोजत जा, दर बहात्तर वर्षांना एक दिवस. त्या वर्षीची संक्रांत 10 जानेवारीच्या आसपास होऊन गेली होती. 'संक्रांत कोसळली' म्हणायला हरकत नाही, तिळगूळ मात्र चार दिवस आधीचा.

"पुण्यात फ्लॅट घेतला. पूर्वाभिमुख म्हणून चौरस फुटाला जास्त पैसे मोजले. ऑक्टोबरात ताबा मिळाला तेव्हा सकाळचं ऊन दारातून सरळ आत यायचं. डिसेंबरात ते कोपऱ्यात सरकलं, आता तर स्वयंपाकघराच्या बाजूनं येतं. बिल्डर म्हणतो दिशा बरोबर आहे. फसवलं का मला?"

दिशेच्या बाबतीत बहुधा नाही. जास्त पैशांबद्दल मी काय बोलणार.

सूर्य बरोबर पूर्वेला वर्षातून दोनदाच उगवतो, 20-21 मार्चला आणि 22-23 सप्टेंबरला. बाकी दिवस तो इकडं किंवा तिकडं. पुण्या-साताऱ्याच्या पट्ट्यात डिसेंबरात तो पूर्वेपासून जवळजवळ पंचवीस अंश दक्षिणेला आणि जूनमध्ये पंचवीस अंश उत्तरेला असतो. पन्नास अंशांचा झोका. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते, म्हणजे पाच मुठी. वाईत आमच्या गच्चीवरून डिसेंबरचा सूर्य शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागून वर येतो आणि जूनचा, ढग नसलेच तर, पार चिंचेच्या पलीकडून. मार्च-सप्टेंबरात तो भराभर सरकतो, दिवसाला जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका. टाकीपाशी आणि चिंचेपाशी मात्र आठ-दहा दिवस थबकल्यासारखा दिसतो. ऑक्टोबरात तुम्हाला ताबा मिळाला तेव्हा तो पूर्वेच्या जवळ होता एवढंच. ऊन फेब्रुवारीअखेर परत दाराकडं येईल.

तपासायचंच असेल तर होकायंत्र चालेल, आपल्या भागात त्याची चूक अंशाच्या आतच असते. पण मोबाइलमधलं नको, लोखंडी ग्रिलजवळ ते भलतंच बोलतं. त्यापेक्षा जुनी रीत करा, शुल्बसूत्रांच्या काळापासूनची. इमारतीच्या गच्चीवर सपाट जागी एक सरळ काठी ओळंब्यात उभी करा, तिच्याभोवती दोरीनं वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरतं तिथं खूण, दुपारनंतर बाहेर पडतं तिथं दुसरी. दोन्ही खुणा जोडणारी रेघ पश्चिम-पूर्व. मी नोकरीला लागलो तेव्हा एका म्हाताऱ्या सर्व्हेअरनं हे करून दाखवलं होतं आणि वर म्हणाले होते, "यंत्र बिघडतं, सूर्य बिघडत नाही."

गच्चीवर गेलाच आहात तर काठी तिथंच राहू द्या. मे महिन्याच्या 13-14 तारखेला पुण्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली नाहीशी होते. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य तुमच्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते. हे सांगितलं की लोक माझ्याकडं संशयानं बघतात.

"आमच्याकडे संकष्टी कडक. सासूबाई चंद्रदर्शनाशिवाय पाणीही घेत नाहीत. पण चंद्रोदय कधी सव्वाआठला, कधी दहाला. तिथी तीच, चतुर्थी तीच, मग दीड-दोन तासांचा फरक कसा? आणि नागपूरच्या जाऊबाईंचं जेवण आमच्या मुंबईआधी कसं उरकतं?"

जाऊबाईंचं उत्तर सोपं, वर येऊन गेलंच आहे. मुंबई आणि नागपूर यांच्यात सव्वासहा अंशांचं अंतर आहे, चोक पंचवीस. पंचवीस मिनिटं आधी त्यांना चंद्र दिसणारच. मात्र भिंतीवर मुंबईच्या वेळांचं कॅलेंडर लावून नागपुरात कुणी उपाशी बसत असेल तर त्यांना हे जरूर कळवा.

आता फरकाचं. तिथी म्हणजे दिवस नव्हे. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढं जायला लागणारा वेळ, तो कधी वीस तासांच्या आसपास असतो, कधी सव्वीसच्या. पौर्णिमा संपते तेव्हा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर, म्हणून सूर्य मावळताना तो उगवतो. वद्य चतुर्थी सुरू होते तेव्हा तो त्या जागेपासून 36 अंश मागं पडलेला असतो, संपते तेव्हा 48. अंशाला चार मिनिटं धरा: 36 चोक 144 मिनिटं, 48 चोक 192. म्हणजे सूर्यास्तानंतर अंदाजे अडीच ते सव्वातीन तासांनी चंद्र येणार. चतुर्थी चंद्रोदयाच्या जरा आधी लागली की जेवण लवकर, संपत आली असताना चंद्र उगवला की उशिरा. इथंच पाऊण तासाचा फरक पडला. त्यात नोव्हेंबरात सूर्य सहाला मावळतो आणि जूनमध्ये सातनंतर, हा आणखी एक तास. राहिलेलं चंद्राच्या वाटेच्या तिरकेपणावर जातं. ती वाट सूर्याच्या वाटेशी पाच अंशांचा कोन करते आणि क्षितिजाशी वर्षभर सारखा कोन करत नाही. म्हणून माझ्या चोकच्या हिशोबात अर्ध्या तासाची सूट ठेवा. पंचांगवाले हे सगळं नीट मोजतात, मी बोटांवर मोजतोय.

सासूबाईंना एक गंमत सांगा. मे-जूनमधल्या संकष्टीला सून जास्त उपाशी राहते, कार्तिक-मार्गशीर्षात कमी. आणि श्रावणात ढगांमुळं चंद्र दिसलाच नाही तर छापील वेळेवर पान घ्यायला आमच्या आईची हरकत नसायची. तुमच्याकडचं तुम्ही बघा.

"ग्रह एका रांगेत आले की भूकंप होतात असा मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. खरं आहे का?"

नाही. पृथ्वीवर भरती-ओहोटी घडवणारी ओढ चंद्राची आणि सूर्याची. ग्रहांपैकी सगळ्यात जोराचा शुक्र, तोही अगदी जवळ आला तरी त्याची ही ओढ चंद्राच्या दहा हजाराव्या भागाइतकीही नाही. रांग म्हणाल तर सगळे ग्रह जवळपास एकाच पातळीत फिरतात, त्यामुळे आकाशात ते नेहमी एकाच कमानीवर दिसतात. जास्त ग्रह एका वेळी दिसले तर गच्चीवर जाऊन बघा आणि मेसेज पुढं पाठवू नका.

"विजयदुर्गला गेलो होतो. तिथं सांगतात की हेलियमचा शोध याच किल्ल्यावरून 1868 च्या खग्रास ग्रहणात लॉकियर साहेबानं लावला, आणि 'साहेबाचे कट्टे' दाखवतात. अभिमान वाटला, पण नंतर कुणीतरी म्हणालं हे खोटं. तुम्ही काय म्हणता?"

मी म्हणतो, दोन ग्रहणांची गाठ पडली आहे.

18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणाची सावली हिंदुस्थानावरून गेली हे खरं. फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन तेव्हा आंध्रात गुंटूरला होता. कर्नाटकात जमखंडीला हर्शेल घराण्यातला एक लेफ्टनंट दुर्बीण लावून होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा प्रकाश लोलकातून पसरवून पाहिला तर त्यात चमकदार रेषा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या. जान्सेनला त्या इतक्या ठळक वाटल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यानं त्या पाहून दाखवल्या. इंग्रज खगोलज्ञ नॉर्मन लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्यानं 20 ऑक्टोबरला, तिकडूनच, ग्रहणाशिवाय त्याच रेषा स्वतंत्रपणे पाहिल्या. त्यातली एक पिवळी रेषा सोडियमच्या जागेच्या शेजारी होती पण सोडियमची नव्हती. ती पृथ्वीवर न सापडलेल्या मूलद्रव्याची असावी असा तर्क झाला, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव पडलं. पृथ्वीवर ते रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला सापडलं 1895 मध्ये.

लॉकियर विजयदुर्गला आला, पण तीस वर्षांनी, 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. मेल्पोमिनी नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी त्याच्या मदतीला होते. म्हणजे साहेब खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरं, फक्त साल बदललं आणि त्याबरोबर शोधही चिकटला.

मला याहून खटकतं ते असं की त्याच 1898 च्या ग्रहणासाठी करमाळा तालुक्यातल्या जेऊरला आपल्याकडची एक तुकडी गेली होती, आणि तिचं नाव कुणी घेत नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख होते. पुण्यात त्यांनी 1888 मध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी केलेली वेधशाळा होती, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा. ते निवृत्त झाल्यावर, 1912 मध्ये, ती बंद झाली. जेऊर स्टेशनवरून गाडी जाते तेव्हा मी दर वेळी खिडकीतून बघतो. बघण्यासारखं काही नाही, तरी बघतो.

"माझं नाव छापू नका, मी पाचवीत आहे. चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते. म्हणजे तो स्वतःभोवती फिरत नाही ना? बाबा म्हणतात फिरतो. पैज लागली आहे, आइस्क्रीमची."

बाळा, आइस्क्रीम बाबांना द्यावं लागणार. पण आधी आजीला तुळशीला एक प्रदक्षिणा घालताना बघ. आजीचा उजवा खांदा सगळा वेळ तुळशीकडंच असतो, म्हणजे तुळशीला आजीची एकच बाजू दिसते. आता आजीचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते मोज. आधी घराकडं, मग रस्त्याकडं, मग शेजाऱ्यांकडं, मग विहिरीकडं, परत घराकडं. म्हणजे एका प्रदक्षिणेत आजी स्वतःभोवतीही एकदा वळली की नाही? चंद्र असंच करतो, 27.3 दिवसांत एक प्रदक्षिणा आणि तेवढ्याच वेळात स्वतःभोवती एक फेरी. तो थोडा डोलतो, त्यामुळे आपल्याला निम्म्याहून जरा जास्त, 59 टक्के चंद्र दिसतो. मागची बाजू माणसानं पहिल्यांदा पाहिली 1959 मध्ये, रशियाच्या लूना 3 नं काढलेल्या फोटोंत. तिथं अंधार असतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, तिथंही आपल्या बाजूसारखंच चौदा-पंधरा दिवस ऊन आणि तितकीच रात्र असते. आपलं विक्रम लँडर 23 ऑगस्ट 2023 ला आपल्याकडच्या बाजूला उतरलं तेही चंद्रावरची सकाळ धरूनच, म्हणजे पुढं पंधरवडाभर ऊन मिळावं म्हणून.

बाबांना एक विचार: आजीनं खांदा न फिरवता, तोंड सगळा वेळ रस्त्याकडंच ठेवून प्रदक्षिणा घातली, तर तुळशीला आजीच्या किती बाजू दिसतील? उत्तर चुकलं तर आइस्क्रीम तुझं.